‘ने’ काढून ‘चे’ करण्याबाबत

प्रति,
मा. उपसंचालक,
श्रेयांक हस्तांतरण कक्ष,
राज्य उच्च शिक्षण कार्यालय,
दुसरा मजला (जिना मागच्या बाजूने)

विषय : दोन वर्षांचे श्रेयांक वर्ग करण्याच्या आदेशातील चूक, आणि त्या चुकीच्या दुरुस्तीत झालेली चूक, दुरुस्त होणेबाबत.

संदर्भ : १) आपला मूळ आदेश. २) आपले शुद्धिपत्रक. ३) माझे यापूर्वीचे अर्ज, ज्यांची पोच मिळाली, उत्तर नाही.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की, मी वाचा व श्रवण उपचार या पदवी अभ्यासक्रमाची विद्यार्थिनी आहे, किंवा होते. यातले नक्की काय, ते ठरावे म्हणूनच हा अर्ज आहे. पहिली दोन वर्षे मी माझ्या जुन्या महाविद्यालयात उत्तीर्ण झाले. दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला आणि आईला पक्षाघात झाला. तिची वाचा गेली. तिचे करायला दुसरे कोणी नसल्याने मला या शहरात यावे लागले. शेवटचे वर्ष इथल्या महाविद्यालयात करता यावे, यासाठी माझे श्रेयांक (उत्तीर्ण विषयांचे क्रेडिट) इकडे वर्ग करण्याची विनंती मी आपल्याकडे केली होती. दोन्ही महाविद्यालये आपल्याच अखत्यारीत आहेत आणि दोन्हीकडे तेच पुस्तक तसेच घाईघाईत संपवतात.

२. आपल्या आदेशात ‘अर्जदाराचे श्रेयांक वर्ग करावेत’ असे वाक्य अपेक्षित होते. टंकलेखनात ते ‘अर्जदाराने श्रेयांक वर्ग करावेत’ असे झाले. कार्यालयीन भाषेत वर्ग करणे म्हणजे इकडचे तिकडे पाठवणे, हे मी आपल्याला सांगावे असे नाही. परंतु इथल्या महाविद्यालयाने त्याचा अर्थ असा घेतला, की अर्जदाराने श्रेयांकांचे वर्ग करावेत, म्हणजे पहिल्या वर्षाच्या बाकावर बसून सगळे पुन्हा शिकावे. अहो, ही टायपिंगची चूक आहे, असे मी खिडकीवरच्या बाईंना परोपरीने सांगितले. त्या म्हणाल्या, ताई, आम्ही आदेश वाचतो, अर्थ लावत नाही. अर्थ तर त्यांनीच लावला होता. पण तिसऱ्या वर्षाचा प्रवेश त्यांच्याच हातात होता.

३. आदेशाचा मान राखून मी पहिल्या वर्षात जाऊन बसले. मुले मला आधी मॅडम समजून उभी राहिली, मग मावशी म्हणू लागली. ध्वनिशास्त्राच्या तासाला शिकवायला ज्या बाई आल्या, त्या माझी जुन्या महाविद्यालयातली मैत्रीण निघाल्या. आईच्या आजारपणात माझी वर्षे गेली, तेवढ्यात तिचे शिक्षण पुरे होऊन ती इथे नोकरीला लागली होती. मला बाकावर पाहून तिच्या हातातला खडू तसाच राहिला. वर्गात ती मला तुम्ही म्हणते आणि बाहेर जिन्यात, तुझे काय गं हे झाले, म्हणून रडवेली होते. साहेब, आम्ही दोघी एकाच बाकावर बसून ती दोन वर्षे शिकलो. त्याच दोन वर्षांच्या आधारावर हे महाविद्यालय तिला शिकवायला ठेवते आणि मला शिकायलाही घेत नाही. हे कोणत्या नियमात बसते, ते कळावे.

४. तशातही मी बसत राहिले असते. पण हजेरी नोंदवताना संगणक सांगू लागला, की ही विद्यार्थिनी या विषयात आधीच उत्तीर्ण आहे, सबब हजेरी घेता येत नाही. पुढच्याच महिन्यात हजेरी कमी भरल्याबद्दल मला नोटीस आली. म्हणजे मी उत्तीर्ण आहे हे संगणकाला मान्य आहे, मी गैरहजर आहे हे कार्यालयाला मान्य आहे, आणि मी तिथे रोज समोर बसलेली आहे हे कोणालाच मान्य नाही. नोटीस वाचून माझीच वाचा बसायची वेळ आली.

५. माझ्या चौथ्या की पाचव्या अर्जावर आपल्या कक्षाने शुद्धिपत्रक काढले. त्या दिवशी मी आनंदाने घरी पेढे न्यायचे तेवढे बाकी ठेवले होते. बरे झाले, नेले नाहीत. आपल्या लिपिकांनी ‘अर्जदाराने’ काढून ‘अर्जदाराचे’ केले, परंतु ते एका ठिकाणी न करता सबंध आदेशात केले. त्यामुळे ‘अर्जदाराने पहिली दोन वर्षे पूर्ण केली आहेत’ या बिनचूक वाक्याचे ‘अर्जदाराचे पहिली दोन वर्षे पूर्ण केली आहेत’ असे झाले. महाविद्यालयाने ताबडतोब लेखी विचारणा केली, की सदर दोन वर्षे नेमकी कोणी पूर्ण केली, याचा खुलासा व्हावा.

६. खुलासा मागायला मी आपल्या कक्षात आले. शुद्धिपत्रकाचे शुद्धिपत्रक काढायची तरतूद नाही, विद्यार्थिनीने आपल्या महाविद्यालयामार्फत यावे, असे सांगण्यात आले. महाविद्यालय म्हणते, तुमचा प्रवेशच झालेला नाही, तर आम्ही मार्फत कसे व्हायचे? जुने महाविद्यालय म्हणते, तुमचे श्रेयांक आम्ही केव्हाच पाठवले, आता आमच्याकडे तुमचे काही नाही.

७. हे सत्र संपताच माझ्या श्रेयांकांची मुदत संपते आणि दोन्ही वर्षे बाद होतात. पहिल्यापासून सुरुवात करावी म्हटले, तर संगणक उत्तीर्ण मुलीला घेत नाही. दुसऱ्या वर्षात शिकलेले व्यायाम मी आईकडून रोज करून घेते. तिला थोडे शब्द परत आले आहेत. त्यातला ‘झालं?’ हा शब्द, मी आपल्या कार्यालयातून घरी पोचले की, ती वापरते. उच्चार अगदी स्पष्ट आहे, याचे मला शिकणारी म्हणून कौतुक वाटते आणि मुलगी म्हणून तोंड लपवावेसे वाटते.

तरी विनंती अशी, की माझ्यामागून येणाऱ्यांसाठी एका महाविद्यालयात उत्तीर्ण म्हणजे राज्यभर उत्तीर्ण, एवढे एक वाक्य नियमात घालावे, आणि ते टाइप झाल्यावर कोणीतरी वाचून पाहावे. माझ्यापुरते म्हणाल, तर तिसऱ्या वर्षाची आशा मी सोडली आहे. श्रेयांक वर्ग नाही झाले तरी आता माझी तक्रार नाही. फक्त, ती दोन वर्षे मीच केली, असे आपल्या सहीशिक्क्याने एका कागदावर लिहून द्यावे. तो कागद मी कोणत्याही कार्यालयात दाखवणार नाही. तो मला घरी ठेवायला हवा आहे, कारण हल्ली माझी मलाच खात्री वाटेनाशी झाली आहे.

आपली, अजूनही नम्र,
(सही)
अर्जदार

दिनांक : सत्राच्या शेवटच्या आठवड्यातला सोमवार

सोबत : दोन्ही वर्षांच्या गुणपत्रिका, मूळ आदेश, शुद्धिपत्रक, गैरहजेरीची नोटीस, खुलासा मागणारे पत्र.