चारशे आणि एकशे ऐंशी

प्रिय पावशेर,

तुला या नावानं हाक मारली की तुझी आई चिडायची. जन्मलीस तेव्हा इतकी छोटीशी होतीस की मी म्हणालो, ही तर पावशेरच निघाली, आणि तेच नाव चिकटलं. ती म्हणायची, बाहेर दुकानदारांची मापं काढता तेवढी पुरे, माझ्या पोरीचं काढू नका. आता चिडायला ती नाही, म्हणून नाव लिहिताना हात अडखळला. तरी लिहिलं. दुसऱ्या कुठल्या नावानं तुला पत्र लिहायला मला जमणार नाही.

काल जावईबापूंचा फोन आला. तू औषधांच्या दुकानातली नोकरी सोडलीस म्हणे. बारा वर्षं त्या काउंटरमागे उभी राहिलीस आणि निघताना मालकांना एवढंच सांगितलंस की माझ्या हातून आता कुणाला औषध जायला नको. नीट जेवत नाहीस, आणि कुणी आईचा विषय काढला की एकच वाक्य बोलतेस, ती बाटली मीच पाठवली होती. जावईबापू मितभाषी माणूस, पण काल बराच वेळ बोलले. म्हणाले, बाबा, फोनवर ती तुमच्याशीही जेवलात का याच्या पुढं जात नाही. तुम्ही लिहा, तुमच्या हातचं ती वाचेल. म्हणून आज सकाळी चहा झाल्या झाल्या आईच्या शिलाई मशीनच्या टेबलावर बसलोय. घरात लिहायला बरं असं टेबल तेवढं एकच आहे.

घरचं विचारशील तर ठीक आहे. स्वयंपाक करतो, म्हणजे भांडी करपवतो. तुझी आई मीठ चिमटीनं टाकायची आणि ते कधी चुकलं नाही. मी काट्यावर तोलून टाकतो आणि भाजी घशाखाली उतरत नाही. मशीनला परवा तेल घातलं. कशासाठी घातलं, मला विचारू नकोस. गेल्या आठवड्यात एक बाई कोटाच्या बाह्या आखूड करायला घेऊन आल्या. त्यांच्या कानावर काहीच आलं नव्हतं. त्या म्हणाल्या, वहिनींना सांगा, घाई नाही. मी बरं म्हणालो आणि कोट ठेवून घेतला. तो कोट अजून समोरच्या खुर्चीवर आहे आणि त्या बाई आज ना उद्या येतील.

लहानपणी शाळेला सुट्टी असली की तू माझ्याबरोबर तपासणीला यायचीस, आठवतं का? मी वजनमापे निरीक्षक म्हणजे फार मोठा साहेब अशी तुझी समजूत होती. दुकानदार तुला गोळ्या द्यायला बघायचे आणि तू माझ्याकडे बघून हात मागं घ्यायचीस. माझी वजनांची लाकडी पेटी तू मांडीवर धरून बसायचीस. कुठल्या खाचेत कुठलं वजन ते तुला डोळे मिटून सांगता यायचं. एकदा एका दुकानात तू ओरडलीस की बाबा, यांनी दहा म्हटलं आणि तिकडे नऊ लिहिलंय. तेलाचा डबा होता, दहा लिटर म्हणजेच नऊ किलो. सगळे हसले. मी तुला तिथंच, पोत्यांजवळ उभं करून सांगितलं होतं, आधी माप कशाचं ते बघायचं, आकडा नंतर. पुढं औषधांचं शिकायला गेलीस तेव्हा तू म्हणालीस, बाबा, तिथं पहिल्याच दिवशी तुमचंच वाक्य शिकवलं. मी आठ दिवस सगळ्यांना ते सांगत फिरलो. तुझी आई वैतागून म्हणाली, आता भिंतीवर लिहून ठेवा.

त्या कॅप्सूल कशा सुरू झाल्या तेही मला लिहायचंय, कारण तू आता उलटंसुलटं आठवत असशील. आईच्या बोटांची टोकं फुटायची आणि दोरा त्यात अडकायचा. तिनंच कुठल्याशा मासिकात व्हिटॅमिन ईबद्दल वाचलं आणि तुझ्या मागं लागली. तू तिला स्पष्ट सांगितलंस की फार आशा धरू नकोस, रोजच्या जेवणातलं तेल आणि शेंगदाणे यातून बहुतेकांना पुरेसं मिळतं. पण ती ऐकते होय? शेवटी तू पाठवलीस आणि बाटलीवर पेनानं लिहिलंस, रोज एक. बोटं फुटायची तशीच फुटत राहिली. पण लेकीनं पाठवलंय म्हणून ती रोज ती पिवळी कॅप्सूल खिडकीशी धरून बघायची, मधाचा थेंब आहे म्हणायची आणि मग गिळायची. पहिली बाटली संपल्यावर तिनं त्यात बटणं भरली. ती बटणांची बाटली आजही माझ्या उजव्या हाताला आहे. तिच्यावर लेबल आहे आणि लेबलावर चारशे आय.यू. असं लिहिलंय.

दोन वर्षांनी तिच्या हृदयाचे ठोके बिघडले आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू झाली. तेव्हा तू एवढ्या लांबून आलीस, हृदयाच्या डॉक्टरांसमोर ती बाटली ठेवलीस आणि ही चालू ठेवू की बंद करू असं विचारलंस. व्हिटॅमिनच तर आहे, ते कशाला दाखवायचं, असं मी बाहेर म्हणत होतो. तू माझं ऐकलं नाहीस. डॉक्टर म्हणाले, रोज एक चालेल, वाढवू नका, दर दोन महिन्यांनी रक्त तपासा. हे सगळं तू केलंस, मी नाही. मग गेल्या वर्षी तुझं पार्सल आलं, साठ-साठ कॅप्सूलच्या दोन बाटल्या. तू फोनवर सांगायला लागलीस की बाबा, या वेळी लेबल बदललंय, आकडा वेगळा दिसेल. मी तुला पुढं बोलूच दिलं नाही. छत्तीस वर्षं मापं तपासली, आता तू मला लेबल वाचायला शिकवणार का, असं म्हणालो. तू हसलीस आणि म्हणालीस, द्या आईकडे फोन. लेबलाचं तिथंच राहिलं. नव्या बाटलीवर एकशे ऐंशी होतं.

त्यानंतर पंचेचाळिसाव्या दिवशी दुपारी ती मशीनवरून उठली आणि पडली. पुढचं तुला माहीत आहे. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव झाला, त्या गोळीवर असलेल्या माणसाला हा धोका असतोच. आणखी काही घेत होत्या का, असं त्यांनी विचारलं. तू व्हिटॅमिन ईचं सांगितलंस. रोज एका कॅप्सूलनं एवढं व्हावं असं वाटत नाही, पण भर पडलीच नसेल असंही छातीठोकपणे सांगता येत नाही, असं म्हणाले. तेव्हा तू माझ्याकडे वळलीस. त्या पांढऱ्या भिंतीला टेकून उभी होतीस आणि विचारलंस, बाबा, एकच देत होतात ना? मी म्हणालो, एकच, तू सांगितलंस तशी. तुझा चेहरा कसा उतरला ते मला अजून दिसतं. नंतर तू घरभर त्या बाटल्या शोधत होतीस आणि मी टाकून दिल्या म्हणून सांगितलं.

तीन महिन्यांनी मी बटणांची बाटली आणि नव्यांपैकी एक बाटली पिशवीत घालून इथल्या औषधांच्या दुकानात गेलो. काउंटरमागे एक मुलगी होती. तुझ्यासारखीच पेन कानामागं खोचून उभी. ओळखीच्या एकांना घ्यायची आहे असं सांगून मी तिला विचारलं की या दोन बाटल्यांत फरक काय. तिनं दोन्ही लेबलं माझ्याकडे वळवली. म्हणाली, काका, कॅप्सूल तीच आहे. आय.यू. म्हणजे ते व्हिटॅमिन शरीरात किती काम करतं त्याचं माप, आणि मिलिग्रॅम म्हणजे वजन. आधी लेबलावर पहिलं छापायचे, आता दुसरं छापतात. मग तिनं बोट ठेवून बारीक अक्षरं वाचून दाखवली. नावाच्या आधी नुसतं डी असेल तर ते नैसर्गिक, त्याचे चारशे आय.यू. म्हणजे दोनशे अडुसष्ट मिलिग्रॅम. डीएल असेल तर कारखान्यात बनवलेलं, त्याचे चारशे म्हणजे एकशे ऐंशी. तुमच्या दोन्हींवर डीएल आहे, म्हणजे चारशे आणि एकशे ऐंशी एकच झाले. शेजारचे रोजच्या गरजेचे टक्के बघितले तरी कळतं, जवळजवळ तेवढेच आहेत, जुन्यावर तेराशे तेहतीस, नव्यावर बाराशे. मोठ्या माणसाची रोजची गरज पंधरा मिलिग्रॅमची, काका, ही एकच बारा दिवसांची झाली. ते टक्के मी आधी वाचले होते. कंपन्यांची जाहिरातबाजी म्हणून सोडून दिले होते. शेवटी तिनं सगळ्यात खालची ओळ दाखवली, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारा. तुमच्या ओळखीच्यांना असं काही चालू आहे का, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, आता नाही. ती मुलगी पंचविशीची असेल. मागे रांग लागली होती, तरी तिनं पाच मिनिटं माझ्यासाठी काढली. घरी येताना मी रस्त्यात दोनदा बसलो.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. पावशेर, मी एक देत नव्हतो, दोन देत होतो. चारशेचे एकशे ऐंशी झालेले बघितले आणि मला वाटलं, कंपनीनं माल निम्म्याहून कमी केला. आयुष्यभर मापात मारणारेच बघितले, दुसरं काय सुचणार? दोन दिल्या तरी तीनशे साठ होतात, चारशेच्या आतच, असा हिशेब करून मी सकाळी एक आणि संध्याकाळी एक द्यायला लागलो, आणि वर माझ्या हुशारीवर खूशही होतो. माप कशाचं ते बघितलंच नाही. दवाखान्यात तू विचारलंस तेव्हा ही चूक मला कळली नव्हती, पण डॉक्टरांनी एक सांगितली होती आणि मी दोन दिल्या होत्या, एवढं कळत होतं. तुझ्यासमोर बोलणी खायची भीती वाटली आणि मी खोटं बोललो. दुकानातून आलो त्या दिवसापासून तर सगळंच कळलं होतं, तरी पाच महिने गप्प बसलो आणि माझं पाप तुला वाहू दिलं. दोनमुळंच ती गेली का, हे आता कुणी सांगू शकणार नाही. पण तू सांगितलेल्या रोजच्या एका कॅप्सूलमुळं गेली असं समजून तू स्वतःला जाळते आहेस आणि नव्या बाटल्यांतली नुसती एक तिला कधी मिळालीच नाही. माझ्या शब्दावर जाऊ नकोस, तो एकदा खोटा निघालाय. दोन्ही नव्या बाटल्या माझ्या वजनांच्या पेटीत लपवल्या होत्या, त्या या पत्रासोबत पाठवतोय. एकशे वीस आल्या होत्या. रोज एक गेली असती तर पंचाहत्तर उरल्या असत्या. एकतीस आहेत, मोजून बघ. मग माझ्यावर हवा तेवढा राग धर, बोलू नकोस, येऊ नकोस, पण त्या काउंटरमागे परत जा. माझ्यासारख्या अतिशहाण्यांना लेबल वळवून दाखवणारं कुणीतरी तिथं उभं असायला हवं. आणि एक राहिलं. पहिल्या दिवशी संध्याकाळी दुसरी कॅप्सूल तळहातावर घेऊन तुझी आई म्हणाली होती, अहो, लेकीला एकदा फोन करून विचारू का? मी म्हणालो, तिला काय विचारायचं, मी आहे ना. तिनं माझ्याकडे बघितलं आणि पाण्याबरोबर ती गिळली. तिला विचारू द्यायला हवं होतं. तिचा फोन तू कधीच चुकवत नव्हतीस.

तुझाच, जसा आहे तसा,
बाबा