लाल-काळं पोस्टर

सोमवार, ३ मार्च
केप कोस्टहून आलो एकदाचा स्वेद्रूला! पोचल्याचं आईला फोन करून कळवलंसुद्धा. नोकरी अराबा आंटींच्या छपाईच्या दुकानात आहे. दुकान म्हणजे जहाजावरचा जुना लोखंडी कंटेनर, बाहेरून निळा रंगवलेला. त्याला दार एकच. आत एक कॉम्प्युटर, एक मोठा प्रिंटर, एक पंखा आणि आता मी.

काम म्हणजे मयतांची पोस्टरं. म्हातारं माणूस गेलं तर पांढरं-काळं आणि कोवळ्या वयात कुणी गेलं तर लाल-काळं, त्यावर ठळक अक्षरात ‘काय हा काळाचा घाला!’ दफन शनिवारी असतं, म्हणून आधीचा आठवडाभर गावातली एकही भिंत मोकळी राहत नाही. आंटींनी केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उंडे, आणि तळलेली मासळी पुढ्यात ठेवली आणि मला न्याहाळून म्हणाल्या, “एबो, तुझ्या आईनं तुला जेवायला घातलं की नुसत्या वायरी चघळायला दिल्या?” मला बाई फार आवडल्या.

त्यांनी एक नियम बजावून सांगितला. पोस्टरच्या साच्यात जिवंत माणसाचा फोटो घालायचा नाही, छपाई तपासायलासुद्धा नाही. त्यासाठी एका बोकडाचा फोटो ठेवलाय. तो मी पाहिला, चांगला रुबाबदार बोकड आहे.

मंगळवार, ४ मार्च
कॉम्प्युटर व्हायरसनं पोखरलेला. उघडायलाच पंधरा मिनिटं! आंटींना विचारून डिस्क साफ केली आणि ऑपरेटिंग सिस्टिम नव्यानं टाकली. पोस्टरचे साचे आधी पेनड्राइव्हवर काढून ठेवले होते. दुपारपर्यंत यंत्र वाऱ्यासारखं पळायला लागलं. आंटी शेजारच्या शिंपिणीला म्हणाल्या की पोरगा दिसतो काडीसारखा, पण डोकं आहे. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

बुधवार, ५ मार्च
एक घोळ झाला. बोकड पेनड्राइव्हवर घ्यायचा राहिला, तो पुसला गेला. प्रिंटरची लाल शाई तर तपासायची होती आणि आंटी बाजारात गेल्या होत्या. फोनमध्ये माझाच पासपोर्टचा फोटो होता, तो लाल-काळ्या साच्यात घातला. गंमत म्हणून खाली नावही लिहिलं, एबो क्वान्सा. छपाई झकास आली. मी हसत फाइल पुसायला गेलो, तर पडदा निळा झाला आणि कॉम्प्युटर बंद पडला.

शुक्रवार, ७ मार्च
दोन दिवस हाच धंदा. रॅम काढून खोडरबरानं घासली. पंख्यातली धूळ उडवली. प्रिंटरचा ड्रायव्हर बदलला. डिस्क तपासली, एकही दोष नाही. बाकीची पोस्टरं बिनतक्रार होतात, आज तीन झाली. माझी ती फाइल पुसायला गेलं की मात्र निळा पडदा.

चालू केल्यावर फाइल उघडून पाहिली. फोटोखाली लिहिलं होतं, वय सव्वीस. वय बरोबर आहे, पण मी ते लिहिलेलं नाही.

सोमवार, १० मार्च
नवी डिस्क आणली. कोरी करकरीत. त्यावर सिस्टिम टाकली, साचे तपासून घेतले, माझी फाइल घेतली नाही. तरी ती आहे.

आता शोक करणाऱ्यांची यादीही भरली आहे. आई एफुआ, बहीण मान्सा. ‘आधी गेलेले’ या ओळीत माझा भाऊ, जो तीन दिवसांचा होऊन गेला. त्याला नाव ठेवलं नव्हतं, पण इथे त्याला नाव आहे.

आंटींना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या, “गावात बोकड संपले होते का रे? दहा पावलांवर बाजार आहे!” छापलेला कागद कुठाय, म्हणून विचारलं. मी टेबलावर ठेवला होता. तिथे नव्हता. गावात पोस्टरं चिकटवणाऱ्या यॉला फोन लावला. तो म्हणाला, टेबलावरचं होतं ते सगळं काल लावून टाकलं.

मंगळवार, ११ मार्च
माझं पोस्टर गाड्यांच्या तळावर सापडलं. फाडलं. त्याच्याखाली तसंच दुसरं होतं. तेही फाडलं. मी एकच छापलं होतं.

कॉम्प्युटरमधल्या पोस्टरवर आता तारीख आली आहे. शनिवार, १५ मार्च, सकाळी दहा. मी घाबरलोय, खरं सांगतो. शनिवारच्या आत ती फाइल पुसली गेली तर सुटेन. आंटीही हेच म्हणतात.

बुधवार, १२ मार्च
कॉम्प्युटर आज एकोणीस वेळा बंद पडला.
केंकेवालीनं माझ्या हाकेला ओ दिली नाही. माझ्या मागच्या माणसाला वाढलं. आंटी आल्या, माझ्या खुर्चीकडे बघून रडल्या. आंटी, मी इथे बसलोय असं म्हणालो. चारदा म्हणालो. त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला आणि गेल्या.

गुरुवार, १३ मार्च
गावी पळायचं ठरवलं. केप कोस्टच्या गाडीत खिडकीशी बसलो. गाडी भरली. तरी गाडीवरचा पोऱ्या ओरडत राहिला, “एक सीट! एकच सीट राहिली!” मी त्याचा हात धरला. त्यानं दंड खाजवला नुसता. एक जाडी बाई चढली आणि माझ्यावर — माझ्या जागेवर — बसली.

मी दारात उभा होतो. दुकानाच्या दारात. गाडीतून कसा उतरलो, आठवत नाही.

शुक्रवार, १४ मार्च
चालत निघालो. तीनदा. गावाबाहेरच्या शेवटच्या भिंतीवर माझा चेहरा आहे. तो ओलांडला की समोर निळा कंटेनर.

आईला फोन. ती हॅलो हॅलो करत राहिली. मग मान्साला म्हणाली, कुणी बोलतच नाही गं, आणि रडायला लागली. आई, मी बोलतोय.

कीबोर्डच्या कळा दाबल्या की कॉम्प्युटर तेवढा ऐकतो. ऐकतो आणि बंद पडतो.

शनिवार, १५ मार्च
साडेनऊ. आंटी एका मुलीला घेऊन आल्या. नवी ऑपरेटर, नाव एसी. सांगितलं की आधीचा पोरगा बिचारा गेला, आणि तेव्हापासून हे सारखं बंद पडतंय.

मी कळांवर हात आपटले. बंद पडला. पुन्हा आपटले. एसी म्हणाली, “आंटी, हे असं नाही सुधारायचं. सगळं पुसून नव्यानं टाकते.”

टाक बाई! तिनं आणलेल्या डिस्कमध्ये काहीतरी वेगळं असेल. पडद्यावर आकडा सरकतोय, दहा टक्के. निळा पडदा नाही! फाइल जातेय, मी सुटणार —

तीस. आईला पहिला फोन मीच करणार. आई — आईचं नाव —
आत्ता तर होतं. वर लिहिलंय, एफुआ. कोण एफुआ?

साठ. थांबव. ए मुली, थांबव ते. पोस्टर नाही पुसलं जात, मी —

बहीण होती ना मला? एक की —

ऐंशी. बाहेर गाणी चालू झाली. कुणाचं तरी दफन आहे. दार उघडं आहे, पण पाय कुठे —

मुलगी जांभई देते आहे. तिला माझं नाव सांगतो, नाव सांगितलं की थांबेल. माझं नाव ए