साहेब पुढे बसतात

बाबा, तुमच्यानंतर साहेबांची गाडी मी चालवतो. तुमच्या वेळी ते नुसते आमदार होते. पुढे मंत्री झाले, आणि जमिनीच्या प्रकरणात लाच घेतली म्हणून पकडलेही गेले. सध्या जामिनावर आहेत.

अजून डोळ्यांसमोर आहे, सावली गावच्या रस्त्यावर तुम्ही मला गाडी शिकवताय. मी सहज मागे वळून बघतो आणि तुम्ही ओरडता, "मान सरळ!" मी म्हणतो, "मागे कुणीच नाही, बाबा." "आज नाही, उद्या असेल. तो आपल्याला दिसायचा नाही, ऐकू यायचा नाही." शाळा दहावीत सुटली, पण हा धडा मी पाठ केला. तरी पादरा गावच्या रस्त्यावर एका बिल्डरने मागच्या सीटवर बॅग ठेवली ती मला दिसली, आणि बोलणंही ऐकू आलं.

साहेब सुटले त्या दिवशी मी नेहमीप्रमाणे मागचं दार उघडून उभा राहिलो. त्यांनी पुढचं दार स्वतः उघडलं, सीटवरचा माझा डबा मांडीवर घेतला आणि शेजारी बसले. माझा क्लच चुकला, गाडी बंद पडली. मांडवीच्या बाजारात गर्दीत अडकलो, तेव्हा एक दुकानदार आम्हाला बघून पाठ फिरवून आत गेला. साहेब हसले. "जोयुं? बघितलंस? हाच हार घेऊन पळत यायचा." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दीकरा, पोरा, तुला चौकशीला बोलावतील. काही आठवत नाही, एवढंच सांगायचं. तुझा बाप असता तर मला सांगावंही लागलं नसतं." मी म्हटलं, "हो, साहेब." मागे बसून दम दिला असता तर इतका घाबरलो नसतो.

काल चौकशीला बोलावलं. अधिकाऱ्याने आधी पाणी दिलं, मग म्हणाला, "आठवत नाही म्हणालास आणि उद्या दुसऱ्या कुणी सांगितलं, तर तूही आत." मला घरी एकटी असलेली आई आठवली. मी बॅगेपासून सगळं सांगितलं. जबाबात आपल्या आडनावाची वेलांटी चुकली होती, ती दुरुस्त करून घेऊन सही केली. वाटलं होतं, आता भीती जाईल.

आज सकाळी पुन्हा त्यांच्या दारात गाडी पुसून उभा आहे. येऊ नको असं कुणी म्हणालं नाही, आणि न येणं मला सुचलं नाही. त्यांना अजून काही कळलेलं नाही. आता खाली येतील, शेजारी बसतील, विचारतील, "काय विचारलं रे?" हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही म्हणूनच लिहितो, बाबा. मी म्हणणार आहे, "काही नाही साहेब, नुसतं बसवून ठेवलं."