चौथं गाणं आणि सुपारी

देवणी,
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

दामिनी,

बरी असशील. इकडे सगळं जागेवर आहे, अप्पांचा गुडघा, दुकान, मी. तू नंबर ब्लॉक केलास म्हणून कागदावर लिहून राहिलो. नांदेडच्या तुझ्या होस्टेलचा पत्ता पाठ आहे. फाडायचंच असेल तर वाचून झाल्यावर फाड.

आपल्या बँडचा, 'सॉल्ट टर्मिनल'चा नवा अल्बम आला शुक्रवारी. पाच वर्षांनी! तू ऐकला असशीलच. मला मात्र इथं सांगायला एक माणूस न्हाई. सरकी पेंडीच्या पोत्यांमध्ये बसून, एका कानात इयरफोन घालून आठही गाणी ऐकली. पहिली दोन साधीच आहेत, उगीच नाचवतात. पण चौथं! दोन मिनिटं गायिका गातच नाही. सिंथचा एकच गार सूर, आणि खालून ड्रम मशीन, बंद खोलीत कुणी येरझाऱ्या घालाव्यात तसं. मग ती येते. आवाज थकलाय गं तिचा. पूर्वीसारखा चकचकीत राहिला न्हाई. मला तोच लई आवडला. तू म्हणणार, जुनंच बरं होतं. भांड की मग, भांड एकदा.

रविवारी आम्ही चाकूरला गेलो होतो. पोरगी बघायला. माझ्यासाठी.

आरती नाव तिचं. चहा झाला, सतरंजीवर दोन्हीकडची माणसं बसली. माझ्या कानात चौथं गाणं चालू, आणि ठेक्यावर मान हलतेय. अप्पांनी विचारलं, "काय संगमेश्वर, पसंत हाय ना?"

"अहो, पोरगं कवापासून मान डोलवून राहिलंय," चंद्रप्पा मामा ओरडले. "अडकित्ता आणा!"

सुपारी फुटली. आमच्यात सुपारी फुटली म्हणजे शब्द गेला, मग माघार घेतली तर पोरीच्या घराला गावात तोंड दाखवता येत न्हाई. तेवीस तारखेला कुंकू आहे, म्हणजे साखरपुडाच.

कॉलेजातल्या संघपालला फोनवर हे सांगितलं तर पोट धरून हसला. "लेका, गाण्यापायी लग्न जमलेला तू पहिलाच!" मीपण हसलो.

दामिनी, गाणं तेव्हा संपलं होतं.

अप्पांचा शब्द न् शब्द मला ऐकू आला. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी होय म्हणून मान हलवली. वर्गात सगळ्यांदेखत एकाच्या कानाखाली जाळ काढणारा मी, मला तिथं नुसतं 'न्हाई' म्हणता आलं न्हाई.

आणि ती मारामारी. त्यानं तुझं नाव घेतलं म्हणून मारलं, तुझ्यापायी कॉलेज सुटलं, असं मी गावभर सांगितलंय. खोटं आहे. चार विषय आधीच राहिले होते. निकाल घरी कळण्याआधी मला कुणावर तरी चिडून निघून यायचं होतं. "माझ्या नावावर मारामाऱ्या करू नको," तू त्याच दिवशी म्हणालीस. तेव्हा मला तुझाच राग आला.

काल आरतीचा मेसेज आला, मनिषा अक्कानं नंबर दिला तिला. "त्या दिवशी कानात काय होतं? मला वायर दिसली होती. तुम्हाला हे नको असेल तर आताच सांगा. मला कुणी विचारलंच नाही."

तीनदा वाचला. अजून उत्तर दिलं न्हाई.

तू या पत्राला उत्तर देऊ नको. दिलंस तर मी अप्पांना सांगेन, दामिनीसाठी लग्न मोडतो. परत तुझंच नाव पुढं करेन. या वेळी माझ्या तोंडानं, माझ्यासाठी बोलायचंय.

अप्पा समोरच पेपर वाचत बसलेत. गिऱ्हाईक न्हाई. पाकीट चिकटवलं की उठून त्यांच्यापुढं उभा राहणार आहे. अर्धा तास झाला, डिंकाची बाटली हातात घेऊन बसलोय.

अजून गल्ल्यावरच असलेला,
संगमेश्वर