ह्यांच्या नावाचा पासवर्ड

मंगळवार, सांजच्याला

आज घरी आली ती कराडची जाऊ, मागनं तिची लेक सुनिता. लेक म्हणाली, "काकू, बँकेचा पासवर्ड सोपा तर ठेवला न्हाई न्हवं?"

"छ्या! ह्यांचं नाव ठेवलंय. मी ते तोंडानं घेतच न्हाई, कुणाला कळंल?"

जाऊ खिदळली. "आवं आक्का, दर हळदीकुंकवाला उखाण्यात घेता की! आख्ख्या आळीला पाठ हाय."

सगळी पुंजी त्या खात्यातच की. मला कसं सुचलं न्हाई?

लगीच माझ्या हातानं बदलला, लांबलचक, आकडं घालून. लय झ्याक जमलं. हे रुसले, "माझ्या जागी कुणाला बसवलंस?" सांगते व्हय!

मग जाऊनं हळूच कबूल केलं. तिचाबी पासवर्ड भावजींचंच नाव! फोन घिऊन तो बदलायला रविवारी दोघी परत येत्यात, भावजींना न सांगता.