माझं लग्न कोणाच्या दारी लागलं

प्रिय दिव्या,

माझ्या वनरक्षक साहेबीणले आजीचे खूप मुके. तुझा खाकी वर्दीतला फोटो साऱ्या फुलचूर गावाले दाखवून आली. टोपी जरा तिरपी आहे, पण शोभते. किराणावाला म्हणे, आजी, अब लकडी कौन काटेगा? म्हटलं, तू काटून तर पाह, माझी नात धरून नेईल तुले. बकरीले दोन पिल्लं झाले, एक एकदम काळं, बहुत वांड आहे.

मी दुसरी शिकलेली बाई, तवा हळू वाच. फोनवरच सांगतलं असतं, पण फोन तुझ्या बापाचा, नीलेशचा, अन् मी बोलत असली की तो बाजूलेच बसून राहते. त्याले देऊ का म्हटलं, की तुझी रेंज जाते.

आठवते ना, वनरक्षकाच्या भरतीत तुझं नाव गोंड म्हणून यादीत लागलं, मग जात तपासणारा साहेब घरी येऊन गेला. महिन्यानं कागद आला, की या घरच्या चालीरीती गोंडाच्या दिसत नाहीत. तुझी नोकरी अडकली. तू बापावर बरसली, की चार गोष्टी धड सांगता आल्या नाहीत तुमाले. नीलेश खाली मान घालून म्हणे, हो, चुकलंच माझं. अन् तू बॅग उचलून नागपूरले गेली.

आता ऐक. साहेब आला तवा नीलेश राईस मिलवर होता. घरी मी एकटी. येणार हे माहीत होतं, म्हणून कोपऱ्यातला आपला गोंडांचा बडादेव पडद्याआड केला, शेजारच्या सुशिलाबाईकडून लक्ष्मीचा मोठा फोटो मागून आणला. साहेबाले वाटलं पाहिजे ना, चांगल्या घरची पोरगी आहे. आपण जंगलातून इथं राहाले आलो तवा बाया मले हसायच्या, की तुमच्यात नवरीच वऱ्हाड घेऊन नवऱ्याच्या दारी जाते म्हणे! तवापासून मी सांगणंच सोडलं. साहेबानं विचारलं, आजी, तुमचं लग्न कुठं लागलं? म्हटलं, बापाच्या दारी. बँड होता, बामन होता, नवरा घोड्यावर आला. तुझा आजा घोड्यावर! त्याले तर बकरीचं भेव वाटे. आपल्यात कुळं देवांच्या आकड्यानं ओळखतात; तुमी किती देवांचे, विचारलं, तर म्हटलं, सारेच देव आमचे. साहेब लिहून राहिला अन् मी खूश.

कागद वाचून नीलेशनं मले विचारलं, तवा समजलं मी काय करून बसली ते. तो म्हणे, माय, दिव्याले हे सांगू नको. माझ्यावर रागावली तर रागावू दे, तिले आजी पाहिजे.

मग जात तपासणाऱ्या समितीपुढं तारीख होती, तवा तू एका बाकावर, बाप दुसऱ्या बाकावर, अन् मले एकटीले आत बोलावलं. मी म्हटलं, मॅडम, मी खोटं बोलली होती. मग सारं सांगतलं. मी सहा देवांची पोर, सात देवांच्या घरी दिली. माझी माणसं ढोल वाजवत सालेकशाच्या जंगलातून दोन दिवस पायी मले तुझ्या आजाच्या दारी घेऊन आली. त्याच दारी लगन लागलं. लग्नातलं गोंडी गाणंही म्हणून दाखवलं. आधी लाजली, मग थांबलीच नाही. मॅडमनं पेन खाली ठेवला. तुले वाटते पणजोबाच्या जुन्या सातबाऱ्यानं काम झालं. त्यानंही झालं असंल.

आता बडादेव कोपऱ्यात परत उजेडात आहे, अन् बाया विचाराले येतात तर मीच सांगत बसते. बहुत सुखात आहे मी. फक्त फोन वाजला, तुझं नाव दिसलं, की नीलेश मुकाट्यानं माझ्या हातात देते अन् कान इकडं लावते, तेवढं पाहवत नाही. चूक त्याची नव्हती, पोरी, माझी होती. मले रागाव, दोन दिवस बोलू नको, चालंल. पण आधी त्याले फोन कर अन् जंगल पाहाले बोलाव. मागच्या बाजारातून त्यानं जाड तळाचे जोडे आणले. मले म्हणे, मिलसाठी. मिलमध्ये तर तो वर्षानुवर्षं चपलेवरच जाते.

तुझीच,
आजी