सतराव्या ओळीवरचा ठिपका

६ जानेवारी, काटेवाडी
तांबेरा रोगाची मुद्दाम लागण करून अकरा दिवस. सातूच्या चाळीसही ओळी स्वच्छ. कडेचीसुद्धा. ती हमखास रोग घेणाऱ्या जुन्या वाणाची. तिच्यावर तांबेरा आला, तरच बाकीच्यांनी तो रोखला म्हणता येतं. ओळ १७ माझा संकर. तीन वर्षांचं काम.
मार्गदर्शक सर फोनवर खूश. "सगळ्या प्रतिकारक? नोंदी पाठव."
पाठवल्या नाहीत.

७ जाने.
पानांवर वाळलेल्या थेंबांचे पांढुरके डाग. तात्यांना विचारलं. प्लॉट त्यांच्या रानात, पाणीही तेच देतात.
"मारलं की औषध! इंदापूरच्या जावयाच्या द्राक्षबागेतनं आणलं. भारीतलं हाय."
"कधी?"
"रविवारी. कडंच्या वळीला तांबडं दिसाय लागलं. तू पुण्याला. ती पानं खुडून म्हशीला घातली नि मारला पंप. पोरीचं पीक मरताना बघत बसू व्हय?"
ती ओळ आजारी पडायलाच पेरली होती, असं सांगितलं.
आतून काकी : "आजारी पडाय पेरत्यात? धन्य तुमची शाळा! आन् ह्यांनी म्हशीला कधी एवढं जपलं न्हाय."
चहा नको म्हटलं. म्हणायला नको होतं.

८ जाने.
वही तपासली. तात्यांना दिलेल्या सूचना : पाण्याच्या पाळ्या, खत, 'ओळींना हात लावू नका'. का लावू नका, ते कुठंच नाही.
सरांना कळवलं. फवारणी झाली, नीट सांगितलं नाही ही चूक माझी.
"पुढच्या वर्षी बघू."
पुढच्या वर्षी माझी संशोधनाची मुदत संपलेली. फ्रीजमध्ये तांबेऱ्याच्या बीजाणूंची एकच कुपी. औषधाचा अंमल उतरायला तीन आठवडे. मग पुन्हा लागण, एकदाच. थंडी टिकली तर.

२५ जाने.
दिवस मावळताना कुपी ओळींवर फवारून संपवली. पानं ओली राहायला हवीत. कांद्यावरची ताडपत्री तात्यांनी आपणहून आणली.
"पंप तीनदा धुतलाय. हुंगून बघ."
हुंगला. चहा घेतला.

३१ जाने.
दुपारी ऊन तापतंय. तात्यांचा रोज सकाळी फोन : "आजून न्हाय." एवढंच. ठेवतात.

४ फेब्रुवारी
६.१०. "आला गं! कडंच्या वळीला आला!"
पोचले तर शेजारचे बांधावर उभे. पिकावर रोग आला म्हणून हसणारा माणूस त्यांनी पाहिला नसावा. काकींनी हातावर साखर ठेवली.
मग १७. तिसरं रोप, वरचं पान, एक फिकट ठिपका. भिंगातून पाहिला. फुटलेला नाही. भोवतालच्या पेशींनी मरून रोग तिथंच कोंडला असेल, तर असाच राहील. नाहीतर फुटेल, तांबडा होईल. आज दोन्ही सारखंच दिसतं.
"काय म्हणती सतरावी?"
"दोन दिवस लागतील, तात्या."
पानाच्या बुडाशी दोरा बांधला. वळून बघते तो तात्या ओळींजवळ बांधलेल्या म्हशीला सोडून पार विहिरीपलीकडच्या खुंट्याकडं नेत होते.